नानांची मूठ

आमचं घर म्हणजे एक मूठ गहू. खरं तर सव्वा मूठ, पण ती वरची पाव सगळ्यांनाच मिळते, म्हणून ती धरायची नाही.

कानबाईचं ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांकडे कानबाई बसते. आदल्या दिवशी रोटांचे गहू काढतात. भाऊबंदांत जितके पुरुष तितक्या मुठी. त्याच गव्हाचं दळण, त्याच पिठाचे रोट, आणि ते रोट खायचे फक्त त्या मुठींच्या घरांनी, दार लावून. बाहेरच्यानं बघायचंही नसतं. गल्लीतला कुत्रा डोकावला तर त्यालासुद्धा हाकलतात बिचाऱ्याला. आमच्या भाऊबंदांत अजून एक आहे, ज्याची मूठ त्यानंच आपल्या हातानं सुपात टाकायची. तान्हं पोर असेल तर बापानं त्याची मूठ आपल्या हातात धरून टाकायची. बायकांच्या मुठी नसतात. मुलींच्या तर विचारूच नका. ज्या घराची मूठ सुपात गेली, त्या घरच्या म्हणून बायका आणि पोरी रोट खातात.

आता आमच्या घरात मी, आई आणि नाना. नानांची मूठ पडली तर आम्ही तिघं भाऊबंदांत. नाही पडली तर आम्ही दाराबाहेर, त्या कुत्र्याशेजारी.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांचं नाव लोटू, पण घरच्यांत त्यांना लोटू म्हणणारे दोघंच, अप्पा आणि मोठमाय. अप्पा म्हणजे रघुनाथ, नानांचे थोरले भाऊ. मोठमाय म्हणजे मंगलाबाई, अप्पांची बायको. कानबाई त्यांच्याकडे बसते, सुरतच्या पर्वत पाटिया भागात. आम्ही भेस्तानला राहतो. नाना इथल्याच एका डाइंग मिलमध्ये होते, कापड रंगवायच्या. प्लेगच्या वर्षी अर्धं सुरत गाड्यांना लटकून पळालं तेव्हा नाना पळाले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी ओल्या कापडानं भरलेली ट्रॉली उतारावर सुटली आणि तिनं नानांना भिंतीशी दाबून धरलं. कमरेची हाडं जुळली. आता ते काठी घेऊन चालतात, चांगले चालतात. लघवीची वाट मात्र जुळली नाही. डॉक्टरांनी बेंबीखाली भोक पाडून रबराची नळी बसवली, कायमची. त्या नळीला पुढे प्लास्टिकची नळी, तिच्या टोकाला पिशवी, पिशवी मांडीला बांधलेली, आणि वरून पायजमा. रबराची नळी दवाखान्यात बदलून देतात. पुढची नळी आणि पिशवी आपली आपण बघायची, म्हणून ती फाटेपर्यंत चालवायची.

आणि ती गळायची.

गेल्या वर्षीची कानबाई मला चित्रासारखी आठवते. मोठमायनं फरशी गोमूत्र शिंपडून पुसलेली, मधे सूप, भोवती सगळे पुरुष मांडी घालून. नाना वाकले, मूठ सुपात सोडली, मागं सरकले, आणि ते जिथं बसले होते तिथून पाण्याची एक बारीक रेघ फरशीवरून हळूहळू सुपाकडे निघाली. मोठमायनं सूप उचललं, ते गहू गाईला घातले, नवे गहू आणले, आणि मुठी पहिल्यापासून पडल्या. तोवर नाना जिन्यात जाऊन बसले होते. निघताना मोठमाय जिन्यापर्यंत आली आणि आईला हळूच म्हणाली, “गळणं बंद व्हवू दे. मंग घाल म्हणा मूठ.”

वाईट बोलली असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट वाटलं, चला, एक अट तर कळली. अट कळली की उत्तर काढता येतं.

पण त्यानंतर नाना कुठे जाईनात. आई मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे आणते, मागचे लोंबते धागे कापायला. नाना कोपऱ्यात पेपर अंथरून बसायचे आणि धागे कापायचे. पेपर भिजला की बदलायचा. रद्दीवाल्याकडचे गुजराती पेपर. मी गुजराती वाचायला शिकले ती त्या पेपरांवर, नानांच्या खालचा ओढून दुसरा घालताना. कुठे बाहेर जायची वेळ आलीच तर नाना सकाळपासून पाणी बंद करायचे. म्हणजे पिशवी कोरडी राहील. ओठ मात्र पांढरे पडायचे.

यंदा मी नववीत गेले आणि माझं काहीतरी झालं. आठवीपर्यंत मी उभी राहून धडा वाचायची म्हटलं की माझा आवाज पोटातच राहायचा. जूनमध्ये विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, सातवीच्या वर्गाला वक्रनलिका कोण समजावून सांगेल. कोणीच उठेना. मी उठले. का उठले ते मला अजून माहीत नाही. बादली वर, बादली खाली, मधे नळी, आणि पाणी आपलं आपण चढून खाली उतरतंय. सातवीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका पोरीनं तर परत करून दाखव म्हटलं. त्या दिवसापासून मी वर्गाची विज्ञान-मंत्री आहे, आणि त्या दिवसापासून माझं तोंड बंद होत नाही. आई म्हणते, ही आधी बरी होती.

त्याच दिवशी घरी येताना मी ठरवलं. वक्रनलिका काय आणि नानांची नळी काय, दोन्हींत पाणीच. कानबाईला दोन महिने आहेत. मी गळणं बंद करणार.

आधी शोधायचं होतं, गळतं कुठे. आई म्हणायची सगळीकडूनच गळतं. असं कधी नसतं. नानांची जुनी फेकायला काढलेली नळी-पिशवी मी घेतली, दारामागच्या खिळ्याला टांगली आणि वरून पोटॅशचं गुलाबी पाणी सोडलं. नळी हलवली, पिळली, दुमडली, जशी नाना मांडी घालतात तशी. गुलाबी थेंब दोनच ठिकाणी आले. एक वर, जिथं रबराची नळी आणि प्लास्टिकची नळी भेटतात तिथं. दुसरा खाली, पिशवी रिकामी करायच्या बुचाशी. बाकी सगळं कोरडं. मी नाचलेच. आई म्हणाली, गुलाबी पाणी भिंतीला लागलंय, ते कोण पुसणार.

वरचं भांडण समजायला मला वेळ लागला. दोन नळ्यांमधे एक छोटी प्लास्टिकची कांडी होती, सरळ, गुळगुळीत. पिशवी बदलताना ती ओढून काढायची, परत खुपसायची. ओढून ओढून रबराचं तोंड सैल पडायचं. मग नाना मांडी घालायचे, नळी पिळली जायची, आणि कांडी सुटायची नाही पण रबराला चिकटूनही राहायची नाही. गळती म्हणजे हेच की. दोघं एकमेकांना भेटल्यासारखं दाखवतात, पण भेटलेले नसतात.

उत्तर माझ्या कंपासपेटीत होतं, शपथ. बॉलपेन. स्वस्तातलं, जाडं, ज्याचं पुढचं नाक आटे फिरवून निघतं. त्या नाकाचा आकार बघा, निमुळता. जितकं आत ढकलाल तितकं घट्ट. आणि मागं तयार आटे. म्हणजे नाक रबराच्या नळीत कायमचं राहू दे, पेनाचा धडाचा तुकडा प्लास्टिकच्या नळीत कायमचा राहू दे, आणि जोडायचं-सोडायचं ते मधल्या आट्यांवर, फिरवून. ओढायचंच नाही. म्हणजे रबर सैल पडायचा प्रश्नच मिटला.

पहिलं पेन वाया गेलं. नाकाचं टोक ब्लेडनं कापून भोक मोठं केलं, सगळं झकास झालं, आणि मग मी ते उकळत्या पाण्यात टाकलं, कारण नानांच्या अंगाला लागणारी वस्तू स्वच्छ पाहिजे. वर काढलं तर पेनाचं केळं झालेलं. नाना हसले. खूप दिवसांनी हसले, आणि म्हणाले, यानं आता वाकडं लिहिता येईल. दुसऱ्या पेनाला मी पोटॅशच्या पाण्यात बुडवून ठेवलं. उकळतं पाणी मात्र दुसऱ्या कामाला आलं. प्लास्टिकच्या नळीचं तोंड गरम पाण्यात धरलं की ते मऊ पडतं, मग ते पेनावर चढतं, आणि गार झालं की असं चावा घेऊन बसतं की निघता निघत नाही.

आट्यांतून गळतं का हे बघायला मी मगनभाईंकडे गेले. मगनभाईंचं सायकलचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, आणि त्यांच्याकडे पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं आहे. कशासाठी आहे ते मी सांगितलं नाही, नानांना आवडलं नसतं. एक टोक बोटानं दाबलं, दुसऱ्यात फुंकलं, जोड पाण्यात बुडवला. आट्यांतून बुडबुड बुडबुड. मगनभाई बिडी बाजूला ठेवून वाकून बघायला लागले.

“शुं बनावे छे, धनश्री? हुक्को?”

मी म्हटलं, हो, तुमच्यासाठीच बनवतेय. ते म्हणाले, मग नीट बनव, धूर गळला नाही पाहिजे. आणि ट्यूबच्या रबराचा तुकडा त्यांनीच दिला. त्यातून मी एक बारीक चकती कापली, आट्यांच्या तळाशी बसवली, पेन आवळलं, परत फुंकलं. गाल दुखेपर्यंत फुंकलं. घमेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही.

खालच्या बुचाला मी रजाच दिली. बूच म्हटलं की फट आली. त्याऐवजी पिशवीच्या तोंडाला मऊ नळीचा वीतभर तुकडा लावला आणि साबणाच्या डबीच्या झाकणातून एक पट्टी कापली. पट्टीत तापलेल्या सुईनं एक खाच पाडली, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती होत गेलेली. नळी रुंद भागात असली की पाणी जातं. निमुळत्या भागात सरकवली की नळी चिमटली जाते, बंद. नळीच स्वतःची तोटी झाली. कशात काही घुसवलेलं नाही, मग फट कुठून येणार.

तरी पहिल्या दिवशी नाना बसले आणि वरून ओलं झालं. मी रडायच्या बेतात होते. नाना म्हणाले, थांब, मी डावीकडे वळलो तेव्हा झालं. ते परत डावीकडे वळले. बरोबर. डावीकडे वळलं की नळी आटे उलटे फिरवत होती, पेन उघडत होतं. मग आईनं, जी इतके दिवस माझ्या सगळ्या उद्योगाकडे पाठ करून धागे कापत होती, तिनं साडीच्या लेसचा एक तुकडा घेतला आणि नानांच्या पायजम्याला आतून, मांडीवर, एक नाकं शिवून दिलं. नळी त्या नाक्यातून ओवली. आता नळी कितीही पिळली तरी पीळ नाक्यापाशीच मरायचा, वर जोडापर्यंत पोचायचा नाही. मी म्हटलं, आई, हे मला कसं सुचलं नाही. ती म्हणाली, तू कधी बटण तरी लावलंयस का.

मग नाना पेपरवर बसले. दिवसभर बसले. उठले, बसले, डावीकडे, उजवीकडे, मांडी घालून, उकिडवे, गठ्ठा उचलून. पाणी प्यायले, चहा प्यायले, मुद्दाम परत चहा मागून प्यायले. संध्याकाळी मी पेपर उचलला आणि दिव्याखाली धरला. भावांचं पान होतं, सुतावर किती, रेशमावर किती. एकही अक्षर फुटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोच पेपर. तिसऱ्या दिवशी तोच पेपर. आमच्या घरात एकच पेपर आठवडाभर टिकला आणि त्यावरचं सगळं मला पाठ झालं.

नानांचं काय झालं ते बघायला हवं होतं. ते न्हाव्याकडे गेले. मगनभाईंच्या बाकावर जाऊन बसले, आणि मगनभाईंनी त्यांना सांगितलं की तुमची पोरगी माझ्यासाठी हुक्का बनवतेय. नानांनी पेटीतली पांढरी टोपी काढून धुतली आणि तांब्यात निखारे घालून तिला इस्त्री केली. एकदा मी पाणी प्यायला उठले तर ते डब्यातले गहू मुठीत घेऊन बघत होते. मूठ भरायची, परत सोडायची. मी विचारलं तर म्हणाले, बोटं जरा आखडल्यासारखी वाटतात, सवय पाहिजे.

आई एकदाच बोलली. म्हणाली, धनु, फार बोलू नकोस तिथं. मी म्हटलं, मी कशाला बोलू, काम बोलेल.

अप्पांचा वाल्मिक भेस्तानला कामाला येतो, त्याच्याबरोबर नानांनी निरोप दिला. गळायचं थांबलंय, येतोय म्हणावं. वाल्मिकदादा म्हणाला, या ना काका, त्यात काय विचारायचं. त्याला आषाढाच्या सुरुवातीला मुलगा झालेला, तो हवेतच होता.

शनिवारी आम्ही शटल रिक्षानं गेलो. सुरतच्या रस्त्यांवर श्रावणात शटल रिक्षा म्हणजे माझ्या जोडाची खरी परीक्षा. आम्ही कोंबून बसलेलो, रिक्षा खड्ड्यात आदळायची, आणि मी दर वेळी नानांकडे बघायची, नाना पायजम्यावर हात ठेवून चाचपायचे आणि मान हलवायचे, कोरडं. पर्वत पाटियाला उतरलो तेव्हा मला त्या खड्ड्यांना नमस्कार करावासा वाटला.

वर गेलो. सगळे जमलेले. मोठमायनं नानांना बघितलं आणि लगेच दाराजवळ खुर्ची आणवली. म्हणाली, लोटूभाऊ, खाली बसू नका, कमरेला त्रास. चहा आला. सगळ्यांना कपातून, नानांना स्टीलच्या पेल्यातून. मला वाटलं, गरम राहतो म्हणून. मला खरंच तसंच वाटलं.

मग सूप आलं. पुरुष गोल बसले. नाना खुर्चीवरून पुढे सरकले, काठी बाजूला ठेवली, उजवी बाही वर केली. अप्पांनी मूठ टाकली, आपलं नाव घेतलं. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत जायचं असतं, म्हणजे अप्पांनंतर नाना. अप्पा म्हणाले, हेमराज. हेमराजकाका म्हणजे नानांचे चुलतभाऊ, नानांहून लहान. त्यांनी नानांकडे बघितलं नाही, मूठ टाकली. मग वाल्मिक. मग वाल्मिकच्या तान्ह्या पोराची पाळी, त्याचा इवलासा हात वाल्मिकदादानं आपल्या हातात धरला, आणि सगळ्या बायका हसायला लागल्या.

मी म्हटलं, “अप्पा, नाना राहिले.”

माझा आवाज आता पोटात राहत नाही. तो जिन्यापर्यंत गेला असेल.

सगळे थांबले. पोराची मूठ तशीच सुपावर. मोठमाय म्हणाली, अगं, त्यांची तब्येत, बसू दे त्यांना निवांत. मी म्हटलं, मोठमाय, तू म्हणाली होतीस गळणं बंद झालं की मूठ घाल. झालं बंद. आणि मग मी सगळं सांगितलं, बॉलपेनचं नाक, आटे, रबराची चकती, साबणाच्या डबीची खाच, सगळं, वक्रनलिका सांगितली होती तशी उभी राहून. हेमराजकाका खाली बघत होते. आई माझा दुपट्टा मागून ओढत होती. मी पिशवीतून पेपर काढला, घरूनच आणलेला, आणि म्हटलं, नाना, उठा जरा. नाना उठले. मी पेपर खुर्चीवर घातला, नाना बसले, दोन्हीकडे वळले, उठले. मी पेपर मोठमायच्या हातात दिला.

मोठमायनं तो बघितला. नीट, उलटून बघितला. ती खोटं बोलणारी बाई नाही.

“कोरडं शे वं पोरी,” ती म्हणाली. “पण मझार तं शेच ना ते.”

आत तर आहेच. म्हणजे पिशवी. म्हणजे पिशवीतलं. मला उत्तर शोधावंसुद्धा लागलं नाही.

“मोठमाय, ते तर सगळ्यांच्याच आत असतं.”

कोणीतरी फुसकन हसलं, बहुतेक वाल्मिकची बायको. मोठमायचं तोंड उघडं राहिलं. मी जिंकले होते. मला अगदी जूनमधल्या टाळ्या आठवल्या. मी अप्पांकडे बघितलं, की आता म्हणतील, ये लोटू, टाक मूठ.

अप्पा आमच्याशी कायम अहिराणी बोलतात. शाळेतल्या मराठीत बोलतात ते फक्त परक्यांशी, बँकेत किंवा दवाखान्यात. त्यांनी सूप थोडं जवळ ओढलं, माझ्याकडे बघितलं आणि त्या दुसऱ्या मराठीत म्हणाले, “मूठ पुरुषाची असते, पोरी.”

एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही. करायची गरज नव्हती. प्रजननाचा तो धडा आमच्या बाईंनी यंदा वर्गात घेतलाच नाही, घरी वाचा म्हणाल्या, तरी मला कळलं. तिथं बसलेल्या सगळ्यांना आधीच माहीत होतं. अपघातापासून माहीत होतं, फक्त कोणी तोंडानं म्हटलं नव्हतं. मलाच नव्हतं, कारण मी पिशवीकडे बघत होते.

बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले. वाल्मिकदादानं पोराची मूठ सोडली. गहू सुपात पडल्याचा आवाज आला, पोराच्या मुठीतून असे कितीसे पडणार.

नाना खुर्चीवर बसले होते, उजवी बाही अजून वर. त्यांनी ती हळूच खाली केली, बटण लावलं. म्हणाले, बरोबर आहे अप्पांचं, पोर लहान आहे, तिला काय कळतं. मग त्यांनी तो स्टीलचा पेला उचलला, उरलेला चहा प्यायले आणि पेला स्वतः मोरीत नेऊन विसळला. मोठमाय म्हणाली, राहू द्या ना भाऊ. पण तिनं तो हातातून घेतला नाही.

परतीच्या रिक्षात खड्डे आले तरी मी नानांकडे बघितलं नाही. नानांनीही चाचपलं नाही. मला माहीत होतं, कोरडंच आहे. आई बाहेर बघत होती. मी एकदा म्हटलं, नाना, अप्पा चुकीचं बोलले. नाना म्हणाले, ते बघ, पाऊस येतोय, पडदा सोड.

घरी आल्यावर नाना मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात माझा जोड होता, फिरवून सोडलेला, धुतलेला, पुसलेला. खालची पट्टीसुद्धा काढलेली. ट्रंकेमागे मी गुलाबी पाण्याच्या प्रयोगाची जुनी नळी-पिशवी टाकली होती, ती त्यांनी शोधून लावली होती, सरळ कांडीची, बुचाची.

मी विचारलं, का, गळलं का? ते म्हणाले नाही गं, चांगला केलायस, शाळेत दाखव, बक्षीस मिळेल. मी म्हटलं मग लावा ना. ते कोपऱ्यात बसले, धाग्यांची कात्री घेतली. खाली पेपर नव्हता. आई पेपर घेऊन आली आणि त्यांच्यासमोर धरून उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

“गळत व्हतं तेच बरं व्हतं, पोरी,” नाना म्हणाले. “तवय त्यासले कारण व्हतं. माले बी व्हतं.”

त्यांना मूठ नको म्हणायला कारण होतं, नानांना न जायला. आईनं वाकून पेपर घातला.

रविवारी सगळ्या गल्लीत कानबाईची गाणी. खानदेशी लोकांची घरं इथं कमी नाहीत. आमच्या घरात रोज होतो तसा वरण-भात. दुपारी शेजारच्या घरानं दार लावलं, म्हणजे रोट खायला बसले असणार. आमच्या दाराशी गल्लीतला कुत्रा येऊन बसला. मी त्याला हाकललं नाही.

संध्याकाळी मगनभाई दुकान बंद करून जाताना डोकावले. म्हणाले, काय लोटूभाई, टोपी धुतली होतीत, कटिंग केलं होतंत, आज तुमची कानबाई ना, गेला नाहीत?

नाना साडीचा धागा कापत होते. त्यांनी मांडी जराशी हलवली, खालच्या पेपरवर एक गडद डाग पसरत होता, तो झाकेल इतकीच.

“कसा जाऊ,” नाना म्हणाले. “गळतं ना हो.”

मगनभाईंनी च्‌ केलं. म्हणाले, हो, ते तर आहेच, पुढच्या वर्षी बघू. नाना म्हणाले, हो, पुढच्या वर्षी. दोघांनाही बरं वाटल्यासारखं दिसलं.

मी मोरीत जाऊन बादली भरली. जोड आवळला, एक टोक बोटानं दाबलं, पाण्यात धरला आणि दुसऱ्यातून फुंकलं. पाणी हललं नाही. परत फुंकलं. गाल दुखले तरी फुंकत राहिले, निदान एक तरी बुडबुडा यावा म्हणून.